हर्पिसवरची गोळी: सुरू करण्यापूर्वी, घेताना आणि पुढच्या वेळेसाठी

हर्पिसवरच्या गोळ्या तशा गुणी आहेत. असायक्लोव्हिर १९८२ सालापासून वापरात आहे, व्हॅलासायक्लोव्हिर आणि फॅमसिक्लोव्हिर १९९०च्या दशकात आली. इतक्या वर्षांत त्यांचे गुणदोष डॉक्टरांना तोंडपाठ झालेत. तरीही पहिल्यांदा ही गोळी हातात आलेल्या माणसाकडून दोन गोष्टी हमखास चुकतात. एक तर गोळी उशिरा सुरू होते, नाहीतर आपली मूत्रपिंडं कशी आहेत याचा विचार न करताच सुरू होते. बाकीच्या चुका त्यामानाने किरकोळ. म्हणून या लेखात या दोन मुद्द्यांवर जास्त वेळ घालवला आहे आणि इतर गोष्टी भराभर उरकल्या आहेत.

डोस ठरवणं हे डॉक्टरांचंच काम. पण चिठ्ठीवर जे लिहिलंय ते का लिहिलंय हे कळलं, तर माणूस औषध नीट घेतो आणि चिठ्ठीत काही चुकलं असेल तर त्याच्या लक्षातही येतं.

औषध काम कसं करतं

हे थोडं समजून घ्याच, पुढचे सगळे नियम यातूनच निघतात.

हर्पिसचा विषाणू पेशीत शिरला की स्वतःच्या प्रती काढायला लागतो. त्यासाठी तो थायमिडीन कायनेज नावाचं स्वतःचं एन्झाइम बनवतो. असायक्लोव्हिर पोटात गेल्यावर जवळजवळ निष्क्रिय असतं. विषाणूच्या या एन्झाइमने त्याला हात लावला की मगच ते जागं होतं, विषाणूच्या तयार होत असलेल्या डीएनएच्या साखळीत जाऊन बसतं आणि साखळी तिथेच खुंटते. ज्या पेशीत विषाणू नाही तिथे हे एन्झाइमही नसतं, त्यामुळे निरोगी पेशींना औषधाचा फारसा त्रास होत नाही. या प्रकारच्या संशोधनासाठी गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली जॉर्ज हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं. विषाणूला मारणारं औषध माणसालाही मारेल, अशी भीती तोवर बऱ्याच जणांना वाटत होती. ती या औषधाने घालवली.

यातून पहिली गोष्ट निघते. विषाणू प्रती काढत असेल तेवढ्याच काळात औषधाचा उपयोग. फोड वाळून खपली धरल्यावर गोळी घेऊन फारसं काही साधत नाही. आणि मज्जातंतूंच्या गाठींमध्ये निपचित पडून राहिलेला विषाणू प्रती काढतच नसल्यामुळे औषध त्याला शिवतही नाही. म्हणून हर्पिस मुळासकट घालवणारी गोळी आज अस्तित्वात नाही. तसा दावा कोणी करत असेल तर तिथून निघावं.

दुसरी गोष्ट: काम झाल्यावर यातलं बरंचसं औषध लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंडं मंद असतील तर ते साचत जातं.

पायरी १ : हे हर्पिसच आहे का, आणि कोणतं?

लालसर त्वचेवर दाटीवाटीने उठलेले, पाण्याने भरलेले बारीक फोड हे हर्पिसचं ओळखीचं रूप. ते फुटतात, ओलसर उथळ जखम होते, मग खपली धरते. फोड यायच्या आधी काही तास किंवा एखाद दिवस त्याच जागी चुणचुण, खाज किंवा आग होते. ही आधीची चुणचुण लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

ओठाभोवती बहुतेक वेळा एचएसव्ही-१, म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचा पहिला प्रकार, असतो. जननेंद्रियांवर एचएसव्ही-२ किंवा एचएसव्ही-१, दोन्हींपैकी कोणताही असू शकतो. नागीण हे त्यांच्याच घराण्यातल्या पण वेगळ्या विषाणूचं काम. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू मज्जातंतूत दडून बसतो आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती खालावल्यावर एकाच बाजूला, पट्ट्यासारखा उठतो. नागिणीत पुरळ दिसण्याआधी दोन-तीन दिवस नुसतंच दुखतं. छातीच्या बाजूला असेल तर माणूस हृदयाची तपासणी करून येतो, कमरेला असेल तर मुतखड्याची. आणि मग तिसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी पुरळ दिसतं.

हा फरक करणं गरजेचं आहे, कारण औषध तेच असलं तरी मात्रा फार वेगळी. ओठावरच्या फोडांसाठी आणलेल्या उरलेल्या गोळ्या नागिणीला पुरत नाहीत.

हर्पिस नसूनही तसं वाटणाऱ्या गोष्टीही बऱ्याच. गालाच्या आतल्या बाजूला किंवा जिभेखाली वारंवार येणारा पांढुरका छाला बहुधा हर्पिस नसतो. जननेंद्रियावरची एकच, न दुखणारी, कडक कडांची जखम सिफिलिसची असू शकते. त्या जागी आयुष्यात पहिल्यांदाच जखम आली असेल तर नुसत्या नजरेच्या अंदाजावर थांबू नका. ताज्या फोडातलं पाणी किंवा ओल्या जखमेचा बोळा घेऊन पीसीआर तपासणी होते, ती सगळ्यात खात्रीची. खपली धरल्यावर नमुन्यात विषाणू सापडेलच असं नाही, म्हणून फोड ओले असतानाच जा. रक्तातली आयजीएम (नव्या लागणीची खूण मानली जाणारी प्रतिद्रव्यं) तपासणी मात्र टाळलेलीच बरी. ती नवं-जुनं नीट सांगत नाही आणि नको तेवढा घोळ घालते. त्याच भेटीत एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणीही करून घ्यावी.

लक्षणं स्पष्ट असतील तर रिपोर्ट येईपर्यंत औषध अडवून ठेवू नये. रिपोर्ट मागाहून येऊ दे, गोळी आज सुरू होऊ दे.

आणि लाज. एचएसव्ही-१ जगातल्या ५० वर्षांखालच्या सुमारे ६४ टक्के लोकांच्या शरीरात आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बहुतेकांना ते माहीतही नाही. दोन दिवस लाजेत गेले की औषधाचे सगळ्यात कामाचे दोन दिवस गेले.

पायरी २ : घरी थांबायचं की तडक जायचं

पुढच्यापैकी काहीही असेल तर तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा:

- डोळा लाल, दुखरा, उजेड सहन होत नाही, किंवा नाकाच्या शेंड्यावर नागिणीचा फोड. नाकाचा शेंडा आणि डोळा यांना एकाच मज्जातंतूच्या शाखा जातात, त्यामुळे हा फोड म्हणजे डोळ्यालाही धोका असल्याची खूण.
- ताप, जोराची डोकेदुखी आणि सोबत गोंधळलेपणा, असंबद्ध बोलणं किंवा झटका (फीट). मेंदूपर्यंत गेलेल्या हर्पिसला शिरेतून असायक्लोव्हिर द्यावं लागतं, तेही १४ ते २१ दिवस.
- नवजात बाळाच्या अंगावर एक जरी पाण्याचा फोड.
- कानाजवळ फोड आणि चेहऱ्याची एक बाजू वाकडी.
- लघवी अडकणं.
- एक्झिमा असलेल्या त्वचेवर झपाट्याने पसरणारे फोड.
- केमोथेरपी, अवयवरोपण, एचआयव्ही किंवा मोठ्या मात्रेतल्या स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती कमी असणं.

डोळ्याच्या बाबतीत एक जास्तीची सूचना. घरात पडलेले स्टेरॉइडचे थेंब 'लाली जाईल' म्हणून घालू नका. लाली जाते खरी, पण विषाणू बुबुळात मोकाट सुटतो. डोळ्यांचे डॉक्टर कधी कधी स्टेरॉइड देतात, पण ते विषाणूविरोधी औषधाच्या पहाऱ्यात.

पायरी ३ : पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना काय सांगायचं

इथे मी सगळ्यात जास्त रेंगाळणार आहे, कारण या औषधांमुळे होणारा गंभीर त्रास बहुतेक वेळा इथेच टाळता आला असता.

समजा, ७८ वर्षांच्या आजी. मधुमेह जुना, वजन ४५ किलो, गुडघे दुखतात म्हणून अधूनमधून वेदनाशामक गोळी. नागीण उठली. चिठ्ठीवर तरुण माणसाला देतात तोच डोस. पहिल्या दिवशी ठीक. दुसऱ्या दिवशी जेवण कमी, पाणी कमी. तिसऱ्या दिवशी आजी भिंतीवर कोणीतरी उभं आहे म्हणतात, हात थरथरतात, घरातल्या माणसांची नावं चुकतात. घरच्यांना वाटतं वयामुळे, तापामुळे, नागीण डोक्यात गेल्यामुळे. खरं कारण बऱ्याचदा रक्तात साचलेलं औषध हे असतं. औषध थांबवलं, गरज पडली तर डायलिसिस केलं की आजी पुन्हा ताळ्यावर येतात. पण हे औषधाने होऊ शकतं असं कोणाच्या डोक्यात तरी यायला हवं ना! आणि मेंदूचा हर्पिसही असाच दिसू शकतो, म्हणून घरी बसून निदान करायचं नाही. औषधाचा पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा आणि गोळ्यांची पट्टी सोबत घेऊन जायचं.

वयस्कर आणि कृश माणसाच्या बाबतीत फसगत अशी होते की रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन 'नॉर्मल' दिसतं. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, आणि आजींच्या अंगावर स्नायूच किती उरलेत? म्हणून नुसता तो आकडा न बघता वय आणि वजन धरून काढलेला क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडं मिनिटाला किती रक्त साफ करतात याचा अंदाज, बघायचा असतो. अंदाज यावा म्हणून: नागिणीसाठी व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून तीनदा देतात. क्लिअरन्स मिनिटाला ३० ते ४९ मिलिलिटर असेल तर तेच दिवसातून दोनदा, १० ते २९ असेल तर एकदा. म्हणजे त्याच आजाराला एका माणसाला दुसऱ्याच्या तिप्पट औषध. डायलिसिसवर असलेल्यांचं वेळापत्रक आणखी वेगळं, ते त्यांच्या मूत्रपिंडतज्ज्ञांकडूनच घ्यावं.

तेव्हा डॉक्टरांसमोर बसल्यावर हे आपणहून सांगा, विचारायची वाट बघू नका:

मूत्रपिंडाचा कोणताही त्रास, शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट, वय ६५च्या पुढे असेल तर तेही ठळकपणे. चालू असलेली सगळी औषधं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं मूत्रपिंडावर ताण टाकतात, दोन्हींचा भार एकदम नको. प्रोबेनेसिड (गाउटवरचं औषध) आणि सिमेटिडीन (आम्लपित्तावरचं) यांच्यामुळे असायक्लोव्हिर शरीरात जास्त वेळ राहतं. रोपणानंतर घेतली जाणारी मायकोफेनोलेट, सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस, तसंच एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बीसाठीचं टेनोफोव्हिर, यांपैकी काही चालू असेल तर डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात.

काही देशांत नागिणीसाठी ब्रिव्हुडीन नावाची दिवसातून एकदाच घ्यायची गोळी मिळते. ती सोयीची आहे, पण कर्करोगावरच्या ५-फ्लुरोयुरॅसिल किंवा कॅपेसिटाबिनसोबत ती जीवघेणी ठरू शकते. कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या किंवा नुकतेच झालेल्या माणसाने हे नाव लक्षात ठेवावं.

गर्भारपण. असायक्लोव्हिरचा गर्भारपणातला अनुभव बराच मोठा आणि दिलासादायक आहे, पण निर्णय प्रसूतितज्ज्ञांचा. ज्यांना जननेंद्रियांवर हर्पिस येऊन गेलंय त्यांना साधारण ३६व्या आठवड्यापासून रोजची गोळी सुचवतात, म्हणजे प्रसूतीच्या वेळी फोड असण्याची शक्यता कमी होते. खरा धोका शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच लागण होण्यात आहे, कारण आईकडून बाळाला मिळणारी संरक्षक प्रतिद्रव्यं तोवर तयारच झालेली नसतात. म्हणून जोडीदाराला हर्पिस असेल तर ही गोष्ट लपवून ठेवायची नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर सहसा चालतं. स्तनावरच फोड असतील तर मात्र त्या बाजूने पाजू नये.

आणि एक सहज विसरली जाणारी गोष्ट: कांजिण्यांची जिवंत लस घ्यायची असेल तर डॉक्टरांना या गोळ्यांबद्दल सांगा. लशीतला विषाणूही या औषधाने दबतो आणि लस वाया जाते.

पायरी ४ : चिठ्ठी वाचणं

मोठ्या माणसांना, मूत्रपिंडं चांगली असताना, सहसा पुढच्या मात्रा दिल्या जातात. स्वतःचा उपचार स्वतः करण्यासाठी हे दिलेलं नाही, चिठ्ठीशी पडताळून बघायला दिलं आहे.

जननेंद्रियांवर पहिल्यांदाच: असायक्लोव्हिर ४०० मिग्रॅ दिवसातून तीनदा, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून दोनदा, ७ ते १० दिवस.

तेच पुन्हा उठल्यास: व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ३ दिवस. असायक्लोव्हिर असेल तर ८०० मिग्रॅ दिवसातून दोनदा ५ दिवस, किंवा तीनदा २ दिवस.

ओठावर: व्हॅलासायक्लोव्हिर २ ग्रॅम, बारा तासांनी पुन्हा २ ग्रॅम, संपलं. किंवा फॅमसिक्लोव्हिर १५०० मिग्रॅ एकदाच.

नागीण: व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून तीनदा ७ दिवस, फॅमसिक्लोव्हिर ५०० मिग्रॅ तीनदा ७ दिवस, किंवा असायक्लोव्हिर ८०० मिग्रॅ दिवसातून पाच वेळा, ७ ते १० दिवस.

या तिघांत श्रेष्ठ कोण, असं लोक विचारतात. व्हॅलासायक्लोव्हिर पोटात गेल्यावर त्याचं असायक्लोव्हिरच होतं. फरक इतकाच की तोंडाने घेतलेल्या असायक्लोव्हिरपैकी जेमतेम १० ते २० टक्के रक्तात पोचतं, तर व्हॅलासायक्लोव्हिरमधून सुमारे ५५ टक्के. म्हणून त्याच्या वेळा कमी. माझ्या मते नागिणीसाठी, विशेषतः वयस्कर माणसाला, दिवसातून पाच वेळा गोळी घेणं सात दिवस जमेल अशी अपेक्षा ठेवण्यापेक्षा दिवसातून तीनदाचं औषध मागून घ्यावं. पाचांतली एक वेळ तरी चुकतेच.

औषध हातात घेतल्यावर नाव अक्षरन्‌अक्षर वाचा. व्हॅलासायक्लोव्हिर आणि व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर ही नावं घाईत सारखीच वाटतात. दुसरं औषध सायटोमेगॅलो विषाणूसाठी आहे, रक्तपेशी कमी करू शकतं आणि गर्भाला घातक ठरू शकतं. शिवाय ५०० मिग्रॅ आणि १ ग्रॅम अशा दोन्ही गोळ्या मिळतात, तेव्हा 'एक गोळी' न म्हणता मिलिग्रॅममध्ये बोला.

मलमांचं थोडक्यात. ओठावरच्या फोडांना असायक्लोव्हिरचं ५ टक्क्यांचं मलम लवकर लावलं तर थोडाफार फरक पडतो, थोडाफारच. जननेंद्रियांवरच्या हर्पिसला आणि नागिणीला मलमाने भागत नाही, गोळीच लागते. खाज-नायट्यासाठी म्हणून घरात असलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमं तर फोडांवर अजिबात लावू नका. अँटिबायोटिकचाही विषाणूवर काही परिणाम नाही. फोडांत पू झाला असेल तरच ते द्यायचं.

पायरी ५ : गोळी घेणं

पहिला डोस चिठ्ठी मिळताच घ्या. 'उद्या सकाळपासून सुरू करतो' यात अख्खी रात्र जाते आणि त्या रात्री विषाणू स्वस्थ बसलेला नसतो. नागिणीत पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू व्हावं असं धरतात. ते उलटून गेले तरी नवे फोड येतच असतील, डोळ्यालाही लागण झाली असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर डॉक्टर औषध देतात. तेव्हा उशीर झाला म्हणून घरी बसू नका.

पाच वेळा घ्यायची असेल तर रात्री उठायची गरज नाही. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० असे फोनवर गजर लावून ठेवा. जेवणाआधी की नंतर याने फरक पडत नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. एखादी वेळ हुकली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर हुकलेली सोडून द्या, दोन एकदम नकोत.

प्रत्येक गोळीबरोबर पेलाभर पाणी आणि दिवसभर नेहमीपेक्षा जास्त. औषधाचं प्रमाण वाढलं आणि लघवी घट्ट झाली तर त्याचे बारीक स्फटिक मूत्रपिंडाच्या नलिकांत अडकू शकतात. लघवीचा रंग फिका राहिला पाहिजे, हा साधा मापदंड. उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडं पडलं असेल तर डॉक्टरांना कळवा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल त्यांनी मात्र आपल्या मनाने पाणी वाढवू नये.

डोकं दुखणं, मळमळ, पोट बिघडणं, थोडी चक्कर हे त्रास होतात आणि बहुतेकांचे आपोआप जातात. अंगावर पित्त उठलं, ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला, लघवी खूप कमी झाली, भास झाले किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना.

दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल बहुतेकांना पुरतं आणि मूत्रपिंडाला सोसतं. कांजिण्या झालेल्या लहान मुलांना ॲस्पिरिन कधीही नाही. जननेंद्रियांवरच्या जखमांमुळे लघवीला झोंबत असेल तर कोमट पाण्याच्या टबात बसून किंवा वरून पाणी सोडत लघवी करा, आग बरीच कमी होते. फोड फोडू नका. बोटावर हर्पिस झालं तर ते पिकलेल्या नखुरड्यासारखं दिसतं. त्याला चिरा देण्याची घाई नको, चिरल्याने ते चिघळतं. हात धुवा, विशेषतः डोळ्याला हात लावण्याआधी आणि लेन्स घालण्याआधी.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटायला लागलं तरी ठरलेले दिवस पूर्ण करा. नागिणीत फोड सुकल्यावरही दुखणं राहू शकतं. गोळ्यांनी आजार लवकर आवरतो, पण नंतर रेंगाळणारी मज्जातंतूंची वेदना त्या हमखास टाळतात असं म्हणता येत नाही. त्या वेदनेला वेगळी औषधं लागतात. ती मिळावी म्हणून विषाणूची गोळी मनाने पुढे चालू ठेवण्यात अर्थ नाही.

पायरी ६ : पुढच्या वेळेची तयारी

वारंवार उठणाऱ्या हर्पिसमध्ये सगळा खेळ पहिल्या दिवसाचा. चुणचुण सुरू झाल्यावर अपॉइंटमेंट घ्यायची, मग चिठ्ठी, मग औषध, एवढ्यात फोड येऊन फुटतातही. म्हणून बरे असतानाच डॉक्टरांशी बोलून एका खेपेला पुरेल इतकं औषध आणि लेखी सूचना घरी ठेवा. प्रवासाच्या पिशवीतही ठेवा. झोप कमी, ताप, कडक ऊन, मासिक पाळी, मानसिक ताण ही नेहमीची निमित्तं. ओठावर उन्हाने उठत असेल तर ओठांना लावायचं सनस्क्रीन हा स्वस्त आणि निर्धोक उपाय आहे.

चुणचुण जाणवली की पहिला डोस घ्या. ओठाचा २ ग्रॅमचा डोस तर याच क्षणासाठी आहे. तो एकाच दिवसाचा असतो, फोड गेले नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचा नसतो.

नागिणीसाठी अशी साठवण लागत नाही. तिथे पन्नाशीनंतर घ्यायची दोन डोसांची लस आहे, तिच्याबद्दल विचारा. नागीण येऊन गेली असली तरी ती घेता येते.

पायरी ७ : रोजची गोळी घ्यावी का?

वर्षातून सहा किंवा जास्त वेळा उठत असेल, किंवा कमी वेळा उठूनही प्रत्येक खेप जीव नकोसा करत असेल, तर रोज एक छोटी मात्रा घेण्याचा पर्याय आहे. व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिग्रॅ दिवसातून एकदा किंवा असायक्लोव्हिर ४०० मिग्रॅ दोनदा ही नेहमीची मात्रा. जननेंद्रियांवर वारंवार येणारं हर्पिस याने सुमारे ७० ते ८० टक्क्यांनी कमी होतं. हे आयुष्यभराचं बंधन नव्हे. वर्षभराने डॉक्टरांशी बोलून थांबवून बघता येतं. थांबवल्यावर लगेच एक खेप उठते कधी कधी, तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. रोजची गोळी चालू असताना मूत्रपिंडाचं काही नवं निघालं किंवा नवं औषध सुरू झालं, तर पायरी ३ पुन्हा करायची.

जोडीदाराचा प्रश्न इथे येतोच. फोड नसतानाही त्वचेवरून विषाणू सुटत राहतो आणि लागण बऱ्याचदा अशाच वेळी होते. एकाला एचएसव्ही-२ आहे आणि दुसऱ्याला नाही, अशा जोडप्यांत रोज व्हॅलासायक्लोव्हिर घेतल्याने लागणीचं प्रमाण जवळपास निम्मं झाल्याचं २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. निम्मं म्हणजे शून्य नव्हे. कंडोम वापरा आणि चुणचुण सुरू झाल्यापासून त्वचा पूर्ण भरून येईपर्यंत संबंध नकोत. ओठावर फोड असताना मुखमैथुन आणि बाळांचे पापे, दोन्ही बंद. नागिणीतून समोरच्याला नागीण होत नाही, पण कांजिण्या न झालेल्या माणसाला फोडातल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. खपली धरेपर्यंत पुरळ झाकून ठेवा आणि गरोदर बाई, नवजात बाळ, केमोथेरपी चालू असलेला माणूस यांच्यापासून लांब राहा.

पायरी ८ : गोळी घेऊनही फरक नाही

आधी साधी कारणं बघा. सुरुवात उशिरा झाली होती का? मात्रा कमी होती का? वेळा चुकल्या का? मुळात हर्पिसच आहे ना? बहुतेकदा उत्तर या चारांतच मिळतं. पहिल्या खेपेत दहा दिवसांनीही जखमा भरल्या नसतील तर डॉक्टर औषध पुढे वाढवू शकतात.

प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या माणसात औषधाला दाद न देणारा विषाणू क्वचितच सापडतो. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत तो जास्त दिसतो. विषाणूने ते थायमिडीन कायनेजच बनवणं सोडून दिलं की असायक्लोव्हिर जागं व्हायला काही उरत नाही. मग व्हॅलासायक्लोव्हिर आणि फॅमसिक्लोव्हिर बदलून बघण्यातही हशील नाही, कारण तीही त्याच एन्झाइमवर अवलंबून. अशा वेळी फॉस्कार्नेटसारखं औषध रुग्णालयात शिरेतून द्यावं लागतं. तेव्हा आठवडाभर नीट गोळ्या घेऊनही जखमा वाढतच असतील तर स्वतःहून मात्रा दुप्पट करू नका. जखमेचा नवा नमुना द्या, त्यावर औषध-प्रतिरोधाची तपासणी करता येईल का ते विचारा, आणि कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, कोणत्या तारखेपासून घेतली हे कागदावर लिहून सोबत न्या.